छोट्या विक्रेत्याच्या इनबॉक्सकडेही लक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबसल्या वस्तू विकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या महिलांच्या, कारागिरांच्या आणि बचत गटांच्या यशोगाथा आपल्या दैनिकात नेहमी वाचायला मिळतात. त्या वाचून नव्याने उद्योग सुरू करणाऱ्यांना हुरूप येतो, हे मी आजूबाजूला पाहते. माल कसा तयार केला, फोटो कसे काढले, पहिली ऑर्डर कुठून आली, हे सगळे त्यांत असते. पण ऑर्डरी वाढू लागल्यावर रोज येऊन पडणाऱ्या ई-मेलचे काय करायचे, हा विषय मात्र कुणी काढत नाही. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या आमच्या घरगुती व्यवसायात पॅकिंग आणि पाठवणी माझी जाऊ पाहते आणि पत्रव्यवहार मी पाहते. हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नसून त्यात विक्रेत्याचे पैसे, पत आणि कायदेशीर जबाबदारी गुंतलेली आहे, याकडे आपले आणि वाचकांचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाहेरच्या माणसाला वाटते की हे मेल ग्राहकांचे असतात. प्रत्यक्षात आपल्याकडचा ग्राहक बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर बोलतो किंवा सरळ फोन करतो. मेल पाठवतात त्या यंत्रणा. चपलेचा एक जोड विकला गेला की ऑर्डर आल्याचा एक मेल, पैसे भरल्याचा पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीचा, दुसरा, कुरिअरच्या पिकअपची नोंद झाल्याचा तिसरा. पुढे पार्सल उचलले, केंद्रात पोहोचले, दुसऱ्या शहराकडे निघाले, डिलिव्हरीसाठी बाहेर पडले, ग्राहकाला मिळाले, अशा प्रत्येक टप्प्याला एकेक. मग कुरिअरचे बिल, मग हिशेब होऊन खात्यात रक्कम वळती केल्याची सूचना, आणि शेवटी आमच्या सेवेला किती तारे द्याल अशी विचारणा. हीच माहिती एसएमएसने येते, ॲपवर येते आणि कंपनीच्या डॅशबोर्डवर तर असतेच. यांपैकी बहुतेक मेलना उत्तर द्यायचे नसते, तरी प्रत्येकावर नजर टाकावी लागते. त्यात मार्केटप्लेस कंपन्यांचे, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल एकाच ठिकाणी विकायला ठेवणाऱ्या संकेतस्थळांचे, ‘आमच्या सेलमध्ये भाग घ्या’ असे आग्रह, विनातारण कर्ज देऊ करणारे, गुगलवर पहिल्या पानावर आणून दाखवतो म्हणणारे आणि खोकी-पिशव्या विकणारे यांची भर पडते. जीएसटी क्रमांक घेतला किंवा ट्रेडमार्कसाठी अर्ज केला की थोड्याच दिवसांत अनोळखी सल्लागारांचे मेल सुरू होतात, हा अनेक विक्रेत्यांचा अनुभव आहे.

या गर्दीत काही मेल असे असतात की ते वेळेवर वाचले नाहीत तर थेट खिशाला झळ बसते. धंद्यात ज्याला ‘एनडीआर’ म्हणतात तो त्यांतला पहिला. ग्राहक घरी नव्हता, फोन लागला नाही किंवा पत्ता सापडला नाही म्हणून पार्सल देता आले नाही, अशी ती सूचना असते. ठरलेल्या मुदतीत ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे कळवले नाही, तर पार्सल परतीच्या वाटेला लागते, म्हणजे आमच्या भाषेत ‘आरटीओ’ होते, आणि जाण्याचे व येण्याचे अशा दोन्ही फेऱ्यांचे भाडे विक्रेत्याच्या हिशेबातून कापले जाते. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीत तर ग्राहकाकडून तोपर्यंत एक रुपयाही आलेला नसतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, हाताने घातलेली वेणी, हाताने मारलेले टाके, एवढ्या मेहनतीच्या जोडावर कारागिराची मजुरी आणि चामड्याची किंमत वजा जाता फार मोठी रक्कम उरत नाही, आणि जे उरते ते या दुहेरी भाड्यात सहज निघून जाते. असे असताना हा मेल येतो तोही ‘पार्सल पुढच्या केंद्रात पोहोचले’ असे सांगणाऱ्या मेलच्याच पत्त्यावरून, त्याच साच्यात आणि विषयाच्या ओळीत तसाच लांबलचक क्रमांक घेऊन. कोणता उघडायचा आणि कोणता सोडायचा हे वरून ओळखता येत नाही.

दुसरा प्रकार पैशांच्या तक्रारीचा. ग्राहकाने आपल्या बँकेकडे ‘हा व्यवहार मला मान्य नाही’ किंवा ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली की पेमेंट गेटवे विक्रेत्याला मेल पाठवतो आणि बिल, माल पोहोचल्याचा पुरावा आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार ठरावीक मुदतीत मागवतो. मुदतीत काही पाठवले नाही तर विक्रेत्याला काही म्हणायचे नाही असे धरले जाते आणि रक्कम ग्राहकाकडे परत जाते. माल ग्राहकाकडे, पैसेही ग्राहकाकडे, आणि कारण काय, तर मेल पाहिला गेला नाही. आमच्या परिचयातल्या, सोलापुरी चादरी विकणाऱ्या एका कुटुंबावर ऐन दिवाळीत ही वेळ आली. त्यांच्याकडे माल मिळाल्याची कुरिअरच्या नोंदीतली ग्राहकाची सहीसुद्धा होती. पण ती दाखवण्याची मुदत सेलच्या जाहिरातींच्या गर्दीत निघून गेली.

आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी माणसाने माणसाला लिहिलेला मेल असतो. परदेशातले मराठी ग्राहक वेळेच्या फरकामुळे फोन करत नाहीत, ते सविस्तर लिहितात. मुलाच्या लग्नात धोतराखाली घालण्यासाठी यजमानांना कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, हवी म्हणून न्यू जर्सीहून एका बाईंनी लिहिले होते. त्यांनी यजमानांचा पाय कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीने रेघ मारली होती, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो जोडला होता, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा रुंद आहे तर दोन्ही एकाच मापाच्या घ्याव्यात का, असे विचारले होते. कोल्हापुरीत हा प्रश्न रास्त आहे, कारण चामडे वापराने सैलावते पण चपलेचा अंगठा आणि बाजूचे कान घट्ट बसले तर पहिल्या दिवशीच पाय सोलवटतो. याचे उत्तर तयार मजकुरातून देता येत नाही. कारागिराला फोटो दाखवावा लागतो, त्याचे मत घ्यावे लागते, मग लिहावे लागते. ते उत्तर गेले, जोड गेला, आणि पुढे त्याच घरातून आणखी ऑर्डरी आल्या. माझ्या दृष्टीने व्यवसायाचा पत्रव्यवहार म्हणजे हा. तो करायला सवड मिळावी म्हणून बाकीचे आवरायचे असते.

आता कायद्याकडे वळते. वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, ज्याला पाठवले त्याने जी यंत्रणा नेमून दिली आहे तीत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. म्हणजे मेल उघडला की नाही याला महत्त्व नाही. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा विभाग असतो. आमच्याकडे तीच व्यक्ती खोके बांधते, बिल करते आणि मेल वाचते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोहोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे लागते. हा नियम मला मान्य आहे आणि आवश्यकही वाटतो, कारण ग्राहकाने डोळे मिटून पैसे भरलेले असतात. पण ज्या कंपन्यांच्या आधाराने आम्ही विकतो, त्या स्वतः विक्रेत्याला मेल पाठवतात ते ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ अशी तळटीप घालून. भाडे चुकीचे कापले, वजन जास्त लावले, तर आम्ही लिहायचे कुणाला? तक्रारीचे तिकीट काढले की यंत्राचे उत्तर येते, तिकीट बंद होते, आणि ते बंद झाल्याचा आणखी एक मेल येतो.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसता येत नाही, म्हणून आमच्या उपयोगी पडलेल्या काही गोष्टी इथे नोंदवते. सगळ्यांत जास्त फरक पडला तो पत्ते वेगळे केल्याने. ग्राहकांसाठी एक पत्ता, जीएसटी-बँक-सरकारी कामासाठी दुसरा, आणि कुरिअर व मार्केटप्लेस यांच्यासाठी तिसरा. सरकारी आणि बँकेचा पत्ता कुठेही छापायचा नाही, वेबसाइटवर द्यायचा नाही, कुठल्या प्रदर्शनातल्या फॉर्मवर लिहायचा नाही. ज्यांना इतके पत्ते सांभाळणे नको वाटते त्यांना जीमेलमध्ये आपल्याच पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द घालून तो कुरिअरला देता येतो. मेल त्याच खात्यात येतो, पण त्या शब्दावरून फिल्टर (मेल आपोआप वेगळे करण्याची सोय) लावून वेगळ्या लेबलखाली टाकता येतो. टप्प्याटप्प्याच्या सूचना अशा फिल्टरने इनबॉक्सबाहेर काढाव्यात, मात्र एनडीआर आणि पैशांच्या तक्रारीचे मेल ज्या ठरावीक शब्दांनी ओळखू येतात, त्या शब्दांसाठी वेगळा फिल्टर करून त्यांना तारांकित करावे. हे बसवायला एक दुपार पुरते. फोनवरची मेलची घंटी बंद करून सकाळी पार्सले बांधण्याआधी आणि संध्याकाळी पिकअप गेल्यावर, असे दोन वेळा मेल पाहिले तरी काही अडत नाही. ग्राहकाला आपोआप जाणाऱ्या पोचपावतीत ‘आम्ही कामाच्या दिवशी या दोन वेळांना उत्तरे देतो’ असे स्पष्ट लिहिले की तो पुन्हा पुन्हा विचारत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, एकच प्रश्न वारंवार येत असेल तर दोष ग्राहकाचा नसून आपल्या पानावर काहीतरी राहून गेलेले असते. माप कसे घ्यायचे, पावसात घातल्या तर काय होते, माप बदलून हवे असल्यास भाडे कुणाचे, गावाकडच्या पिनकोडला किती दिवस लागतात, हे चार प्रश्न आम्ही चपलेच्या फोटोच्या अगदी खाली, मराठी आणि इंग्रजीत, मापाच्या चित्रासह टाकले, तेव्हा त्या विषयांवरचे मेल बरेच कमी झाले. उत्तर देतानाही पुढचा प्रश्न काय येईल याचा विचार करून एकदाच पूर्ण लिहावे. ‘हो, बदलून मिळेल’ एवढेच लिहिले की कसे, कधी, कुठे पाठवायचे, असे आणखी तीन मेल येतात.

दोन बारीक गोष्टी नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्याव्यात. जीमेलच्या मोफत खात्यातली १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांना मिळून असते. मालाच्या फोटोंनी ती भरली की नवे मेल येणेच थांबते, आणि ग्राहकाला वाटते आपण उत्तर देत नाही. आणि स्पॅममध्ये पडलेले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदा तो फोल्डर चाळायलाच हवा. परदेशातल्या नव्या ग्राहकाचे पहिले पत्र हमखास तिथे सापडते.

गर्दीचा फायदा फसवणूक करणारेही घेतात. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’, ‘जीएसटी चुकवल्याबद्दल समन्स’, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे इथे पैसे भरा’, अशा मजकुराचे खोटे मेल घाईत असलेल्या माणसाला खरे वाटतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या पत्रांवर डीआयएन हा ओळख क्रमांक, किंवा जीएसटी पोर्टलवरून निघालेल्या पत्रांवर आरएफएन हा संदर्भ क्रमांक असतो आणि तो अनुक्रमे मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा जीएसटी पोर्टलवर पडताळून पाहता येतो. खाते बदलल्याचा मेल आला तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावे, मेलमधल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होते.

आम्ही विक्रेत्यांनीही आपल्या बाजूने पथ्य पाळायला हवे. एकदा चपला घेतलेल्या ग्राहकाला प्रत्येक सणाला, प्रत्येक सेलला मेल पाठवण्याचा सल्ला ऑनलाइन विक्रीचे वर्ग घेणारे सर्रास देतात. ग्राहकाने पत्ता दिला तो पार्सल मिळावे म्हणून. त्याची परवानगी न घेता त्यावर जाहिराती पाठवणे योग्य नाही. शेकडो ग्राहकांचे पत्ते एकमेकांना दिसतील अशा रीतीने दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणे तर त्याहून वाईट.

आता मागणी. मोबाइलवरच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर येऊ लागले, त्यावरून जाहिरात कोणती, सेवेचा संदेश कोणता, व्यवहाराचा कोणता आणि सरकारी कोणता हे चटकन कळते. ई-मेलला हे नियम लागू नाहीत. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणे आणि जाहिरातींच्या मेलमधून एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय देणे बंधनकारक केले, आणि ‘याहू’ कंपनीनेही तशाच अटी आणल्या. त्यांचा उपयोग झाला आहे. पण नाव काढण्याची अट जाहिरातीच्या मेलला आहे, व्यवहाराच्या मेलला नाही. म्हणून पार्सलच्या सूचनेच्या पोटातच कर्जाची आणि सेलची जाहिरात घातली जाते, आणि ती टाळायची तर पार्सलची सूचनाही बंद करावी लागते. पोस्टमनने कोर्टाची नोटीस दुकानांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात घालून दिली आणि ‘मिळाल्याची’ सही घेतली, तर ते आपण चालवून घेऊ का?

म्हणून मार्केटप्लेस, पेमेंट गेटवे आणि कुरिअर कंपन्यांवर काही साध्या अटी घालाव्यात, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाला आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाला माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ज्या मेलला मुदतीत उत्तर दिले नाही तर विक्रेत्याचे पैसे जातात, तो मेल वेगळ्या पत्त्यावरून यावा, त्याच्या विषयाच्या ओळीत सुरुवातीलाच शेवटची तारीख आणि अडकलेली रक्कम असावी, आणि त्यात कोणतीही जाहिरात नसावी. तो विक्रेत्याने निवडलेल्या भाषेत असावा; वेणी घालणारा कारागीर किंवा गटातली महिला मराठीतली सूचना एका दमात वाचते, इंग्रजीतली मुलाबाळांना दाखवायला ठेवते आणि तोवर मुदत उलटते. अशा मेलला त्याच पत्त्यावर उत्तर देता यावे आणि ग्राहकाला जशी ४८ तासांत पोहोच मिळते तशीच विक्रेत्यालाही मिळावी. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. ज्या यंत्रणा पार्सलच्या प्रत्येक टप्प्याला मेल पाठवू शकतात, त्यांना हे अशक्य नाही.

राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानात, जिल्हा उद्योग केंद्रांत आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या वर्गांत ऑनलाइन विक्री शिकवताना फोटो आणि किंमत यांच्या जोडीला पत्रव्यवहाराचा एक तास ठेवावा, अशीही विनंती आहे. वर सांगितलेले फिल्टर प्रत्येकीच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यात लावून द्यावेत. नुसते सांगून ते होत नाही. आणि जीएसटी नोंदणीत कुणाचा ई-मेल पत्ता दिला आहे, हे प्रत्येक विक्रेत्याने आजच तपासावे. नोंदणी करून देणाऱ्याने सोयीसाठी स्वतःचा पत्ता टाकलेला असण्याचा प्रकार फार आढळतो. तो माणूस पुढे काम सोडतो, त्याचा पत्ता बंद पडतो, आणि नोटिसा मात्र तिथेच जात राहतात. पोर्टलवर नोंदणीत दुरुस्ती करून तो बदलता येतो.

आपली विश्वासू,
कोल्हापुरी चपलांची एक ऑनलाइन विक्रेती,
कोल्हापूर